आत्याच्या गोळ्या आणि नशेचा कायदा

माझी आत्या १९९६ च्या दिवाळीत अंथरुणाला खिळून होती. स्तनाचा कर्करोग हाडांत उतरला होता. "आता घरी न्या," असे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले आणि आम्ही तिला नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आणले. दिवसा ती आल्यागेल्याशी बोलायची, सुनांच्या करंज्यांना नावे ठेवायची. रात्री मात्र दुखणे असे उसळायचे की कूस बदलताना ती चादरीचे टोक दातांत धरी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, दर चार तासांनी एक. ती चिठ्ठी घेऊन मी नगर शहरातली अकरा औषध दुकाने फिरलो. गोळी एकाही दुकानात नव्हती. शेवटचा दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने मला आत बसवले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, गोळी काही महाग नाही. पण ती ठेवायची तर एक परवाना, बाहेरून मागवायची तर दुसरा, वाहतुकीचा तिसरा. इतकं करून एक गोळी हिशेबात कमी भरली तर दहा वर्षं आत. वर्षाला चार पेशंट येणार. त्यांच्यासाठी हे कोण अंगावर घेईल?"

गोळ्या अखेर एका नातेवाइकाच्या हातून मुंबईहून आल्या. त्या रात्री आत्या सलग झोपली. सकाळी तिने चहा मागितला आणि मला विचारले, "हे औषध इतके दिवस कुठं होतं रे?"

पुढे नऊ दिवसांनी ती गेली. चौदा गोळ्या उरल्या. त्यांचे काय करायचे, हे मी त्याच विद्यार्थ्याला विचारले. तो दचकलाच. "सर, दुकानात आणू नका त्या," एवढेच म्हणाला. ज्या कायद्यामुळे गोळी मिळत नव्हती, त्याच कायद्याने आता ती घरात ठेवण्याचीही धास्ती वाटावी, हे मला कळेना. मी इतिहास शिकवणारा माणूस, कायद्याशी माझा संबंध परीक्षेपुरता. पण आत्याच्या प्रश्नाने मला तो कायदा वाचायला लावला, आणि त्यातून मी शंभर वर्षे मागे, आमच्याच जिल्ह्यातल्या गांजाच्या शेतांपर्यंत जाऊन पोहोचलो.

एक कायदा, चार माणसे

कायद्याचे नाव 'अमली पदार्थ आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५'. बोलीत त्याला 'एनडीपीएस' म्हणतात. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो देशभर लागू झाला. त्यामागे दोन रेटे होते. पहिला आंतरराष्ट्रीय. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताची सही होती आणि गांजाचा पारंपरिक वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याची मुदत संपत आली होती. दुसरा रेटा हेरॉइनचा. भारत हा तस्करीच्या वाटेवरचा देश झाला होता आणि जुने कायदे त्यासाठी अपुरे होते.

नवा कायदा कडक करण्यात आला. अफू, मॉर्फिन, हेरॉइन, चरस यांच्या बेकायदा व्यवहाराला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी, वर किमान एक लाख रुपये दंड. १९८९ मध्ये काही गुन्हे पुन्हा करणाऱ्याला सक्तीचा मृत्युदंड आला. ही सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये काढली आणि शिक्षेचा निर्णय न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवला. मूळ कायद्यात वजनाची नीट प्रतवारीही नव्हती. जवळचा माल स्वतःच्या सेवनापुरता आणि थोडाच आहे हे आरोपीला सिद्ध करता आले नाही, तर तो तस्कराच्या रांगेत जाई. 'अल्प' आणि 'व्यापारी' अशा प्रमाणांनुसार शिक्षा ठरवण्याची पद्धत २००१ च्या दुरुस्तीने आली. गांजासाठी एक किलोपर्यंत अल्प आणि वीस किलोपासून व्यापारी प्रमाण, हेरॉइनसाठी पाच आणि अडीचशे ग्रॅम.

नशेच्या पदार्थांशी चार वेगवेगळी माणसे जोडलेली असतात: पिकवणारा शेतकरी, नफ्यासाठी विकणारा व्यापारी, सेवन करणारा, आणि ज्याला तोच पदार्थ औषध म्हणून लागतो असा रुग्ण. या चौघांना एका मापाने मोजणे हा या कायद्याचा मूळ दोष आहे. व्यापाऱ्यासाठी टाकलेल्या जाळ्यात उरलेले तिघे आधी अडकतात, कारण ते जागेवर सापडतात.

रुग्णाचेच पाहा. १९८५ पूर्वी देशात वैद्यकीय वापरासाठी वर्षाला काहीशे किलो मॉर्फिन लागे. कायदा आल्यावर हा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोंवर आला. कर्करोगाचे रुग्ण काही कमी झाले नव्हते. कायद्यात वैद्यकीय वापराला मनाईही नव्हती. पण प्रत्येक राज्याने आपापले नियम केले, एका खरेदीसाठी अनेक परवाने लागू लागले, ते देणारी खाती वेगवेगळी, आणि चुकीला दहा वर्षे. रुग्णालयांनी आणि दुकानदारांनी सरळ ते औषध ठेवणेच सोडले. आत्या गेली ती या घसरणीच्या तळाशी.

यातली खरी विसंगती नकाशावर दिसते. मध्य प्रदेशातल्या नीमच आणि मंदसौर भागात, राजस्थान आणि उत्तर प्रदेशाच्या काही पट्ट्यांत शेतकरी केंद्र सरकारच्या परवान्याने अफू पिकवतात. बोंडाला चिरे देऊन पाझरलेला चीक गोळा होतो, सरकार तो विकत घेते, आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. ही अफू औषधांसाठी परदेशीही जाते. म्हणजे जगाच्या वेदनेवरचा कच्चा माल आपल्या शेतात पिकत होता आणि आपलीच माणसे चादर दातांत धरून पडली होती.

ही गाठ सोडवण्याचे काम केरळातून सुरू झाले. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कालिकतला वेदनाशमन सेवा उभी केली आणि मॉर्फिनचे नियम सोपे व्हावेत म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. 'आवश्यक अमली औषधे' हा वेगळा वर्ग झाला, त्यांचे नियम देशभर एकसारखे झाले, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला अनेक खात्यांऐवजी एकाच अधिकाऱ्याकडे जाणे पुरेसे ठरले. या दुरुस्तीने मॉर्फिन मोकाट सुटले नाही. प्रत्येक गोळीची नोंद आजही ठेवावी लागते. बदलले ते एवढेच की कायद्याने रुग्ण आणि तस्कर यांना वेगळे ओळखले.

नगरचा गांजा आणि सात जणांचा आयोग

रुग्णाला वेगळे काढता आले, तर सेवन करणाऱ्याला का नाही, हा प्रश्न मला पुढे घेऊन गेला. त्याचे एक उत्तर १८९४ च्या अहवालात आहे.

२ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात भारतातल्या गांजाविषयी प्रश्न विचारला गेला. मद्यपानबंदीच्या चळवळीतले खासदार डब्ल्यू. एस. केन यांना गांजाचे दुष्परिणाम तपासले जायला हवे होते. त्यातून 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सदस्यांपैकी तिघे भारतीय. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या: डॉक्टर, वैद्य, जिल्हाधिकारी, मिशनरी, शेतकरी, ठेकेदार.

अहवालात मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या लागवडीचा मुख्य जिल्हा म्हणून अहमदनगर येते, तेव्हा मी थबकलो. आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे. तिथे तेव्हा गांजा उघडपणे पिकत होता आणि परवान्याच्या दुकानांतून विकला जात होता. एकाच झाडाचे तीन पदार्थ: मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, पाने म्हणजे भांग, आणि राळ म्हणजे चरस, जी तेव्हा यारकंदहून लेहमार्गे येई.

आयोगाचे सर्वांत मोलाचे काम वेड्यांच्या इस्पितळांबद्दलचे आहे. गांजाने वेड लागते ही समजूत सरकारी आकड्यांवर उभी होती. आयोगाने १८९२ मध्ये दाखल झालेल्यांचे कागद तपासले. गांजामुळे वेड लागल्याची नोंद असलेले रुग्ण २२२ होते. प्रत्येकाची चौकशी केल्यावर त्यातले ९८ उरले आणि त्यांतही काहींत इतर कारणे मिसळलेली होती. बाकीचे कुठून आले? रुग्णासोबत येणारा तक्ता बहुधा पोलिसांच्या माहितीवर भरलेला असे. कारणाचा रकाना भरायचाच, म्हणून 'गांजा' लिहिले जाई. इस्पितळ तेच उतरवून घेई आणि तेच आकडे सरकारकडे जात. तपासणी न केलेला रकाना धोरणाचा पाया कसा बनतो, याचे याहून चांगले उदाहरण मी वर्गात कधी दिलेले नाही.

निष्कर्ष असा होता: माफक सेवनाने सहसा इजा होत नाही, अतिरेकाने होते, आणि संपूर्ण बंदी गरजेचीही नाही आणि हिताचीही नाही. बंदी घातली तर लोक दुसऱ्या, अधिक घातक पदार्थांकडे वळतील, अशी भीतीही त्यात आहे. उपाय म्हणून लागवडीला परवाना, माफक पण पुरेसा कर, दुकानांच्या संख्येवर मर्यादा आणि एका माणसाने किती माल बाळगावा याची सीमा सुचवली. वसाहतीच्या सरकारला महसुलाचा लोभ होता, हे विसरून चालणार नाही. अहवाल वाचताना ती शंका मनात ठेवावीच लागते. तरी पुरावा गोळा करण्याची त्याची पद्धत प्रामाणिक आहे.

१९८५ मध्ये हा धागा तुटला. गांजा गुन्हा झाला, पण कायद्याच्या व्याख्येतून फुलोऱ्याविना असलेली पाने वगळली गेली. म्हणून भांग केंद्रीय कायद्याबाहेर, राज्यांच्या हाती राहिली. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात भांगेचे सरकारी परवान्याचे ठेके आहेत. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्याखाली तिला परवाना लागतो. एकाच झाडाचे पान एका राज्यात प्रसाद, दुसऱ्यात परवान्याची वस्तू, आणि त्याच झाडाचे फूल देशभर गुन्हा.

गुन्हा काढणे आणि मोकळे सोडणे

आपल्याकडे ही चर्चा सुरू झाली की लगेच कोणीतरी विचारते, "म्हणजे गांजा पानपट्टीवर विकायचा का?" इथे दोन गोष्टींत गल्लत होते.

सेवन करणाऱ्याला गुन्हेगार न मानणे ही एक गोष्ट. पदार्थ तसाच बेकायदा राहतो, विकणाऱ्याला शिक्षा होते, पण ज्याच्या खिशात स्वतःपुरता पदार्थ सापडला त्याला तुरुंग किंवा गुन्ह्याची नोंद नाही. नियमन ही दुसरी गोष्ट. कोणी पिकवायचे, किती तीव्रतेचे, कोणाला, कुठे, कोणत्या वयाला विकायचे, जाहिरात करायची की नाही, हे राज्य ठरवते. बंदीत यातले काहीच राज्याच्या हाती नसते. पुडीत काय आहे, गिऱ्हाईक किती वर्षांचे आहे, हे सगळे विकणारा ठरवतो. पहिली गोष्ट दुसरीशिवाय करता येते, आणि दुसरी प्रत्येक पदार्थाला सारखी लागू होत नाही. हेरॉइनचे नियमन म्हणजे दुकान उघडणे नव्हे. व्यसनी माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देणे हे त्याचे नियमन, आणि ते भारतात काही केंद्रांवर चालतेही.

पहिल्या गोष्टीचा सर्वांत लांबचा अनुभव पोर्तुगालचा. १९९० च्या दशकात त्या देशात लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का माणसे हेरॉइनमध्ये अडकली होती. १ जुलै २००१ पासून दहा दिवसांच्या वैयक्तिक वापराइतका कोणताही अमली पदार्थ बाळगणे तिथे गुन्हा राहिले नाही. सापडलेल्या माणसाला पोलीस एका समितीपुढे पाठवतात. ती आरोग्य खात्याच्या अखत्यारीत असते आणि तिच्यात कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतली माणसे असतात. ती माणसाला उपचाराकडे वळवते, क्वचित दंड करते. सुया वाटून एचआयव्ही रोखणे, मेथाडोन, पुनर्वसन यांवर सरकारने खर्च केला. सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीची नवी लागण वर्षाला हजाराहून अधिक होती, ती पंधरा वर्षांच्या आत शंभराखाली आली. तुरुंगात अमली पदार्थांच्या गुन्ह्याखाली असलेल्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांवरून आधी निम्म्यावर, मग त्याहून खाली आले. पुढे आर्थिक संकटात सेवांचा पैसा आटला, तेव्हा पोर्तो आणि लिस्बनमध्ये रस्त्यावरच्या नशेच्या तक्रारी पुन्हा वाढल्या.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदानाने हाच मार्ग धरला. तिथे सापडलेल्याला शंभर डॉलरच्या दंडाची पावती मिळे आणि हेल्पलाइनवर फोन केला तर दंड माफ होई. बहुतेकांनी पावती फाडून टाकली. उपचारकेंद्रांचा पैसा उशिरा पोहोचला, त्याच काळात बाजारात फेंटानिल आले, आणि २०२४ मध्ये राज्याने पुन्हा गुन्हा ठरवला. दोन्ही अनुभव एकत्र वाचले की दिसते: शिक्षा काढणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे म्हणजे दवाखाना, समुपदेशक, औषध आणि पाठपुरावा. ते नसेल, तर माणूस तुरुंगाऐवजी फुटपाथवर जातो.

दारूचे काय?

या मतावरचा सर्वांत जड आक्षेप आपल्या घरातलाच आहे. दारूला परवाने देऊन आपण काय दिवे लावले? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, तर भांग, गांजा, चरस मिळून सुमारे ३ कोटी १० लाख. कायदेशीर पदार्थाचेच पारडे जड आहे. गडचिरोलीच्या बायाबापड्यांनी दारूबंदीसाठी लढा दिला, १९९३ पासून तिथे बंदी आहे, आणि त्या बायकांना नियमनावर व्याख्यान देण्याची माझी प्राज्ञा नाही. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली, तीही वाद होऊनच.

या आक्षेपातून मी शिकलो ते असे. महसुलासाठी केलेले नियमन आणि आरोग्यासाठी केलेले नियमन या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या खात्याचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून असते, ते खाते विक्री कमी करणार नाही. म्हणून गांजाच्या खुल्या बाजाराची घाई मी करणार नाही. पण दारू पिणाऱ्यालाही आपण सहा महिन्यांसाठी तुरुंगात घालत नाही, आणि घातले असते तर त्याच्या घरची चूल पेटली असती असेही नाही. व्यापारावरचा लगाम आणि व्यसनी माणसाची शिक्षा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येतात.

आज काय होते? कायद्याच्या २७ व्या कलमाखाली सेवनासाठी पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. ६४-अ कलमात व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर खटल्यातून सूट आहे. कलम चांगले आहे, पण त्याचे दार पोलीस ठाण्यातून उघडते. महाराष्ट्रात या कायद्याखाली नोंदवल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत सेवनाच्या गुन्ह्यांचा वाटा फार मोठा आहे. चाळीत, झोपडपट्टीत, स्टेशनाबाहेर चिलीम ओढणारा पकडायला सोपा. 'एमडी' बनवणारा कारखाना शोधायला महिने लागतात. पोलिसांचे बळ मर्यादित असते, ते कुठे खर्च होते हे महत्त्वाचे. एम्सच्याच पाहणीत दिसले की बेकायदा पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्या वीस जणांपैकी एकालाच रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला असतो. बाकीच्यांतल्या अनेकांसाठी कायदा म्हणजे फक्त भीती, आणि भ्यालेला माणूस दवाखान्यात जात नाही.

बदलाची चिन्हे आहेत. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक सूचीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले, तेव्हा भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेच अल्प प्रमाणातले वैयक्तिक सेवन गुन्ह्यातून काढावे, अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या होत्या. मला वाटते सुरुवात तिथूनच व्हावी: सेवनाचा गुन्हा काढावा, सापडलेल्याला ठाण्याऐवजी जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे, आणि त्याआधी त्या रुग्णालयात डॉक्टर व औषध असेल याची तजवीज करावी. भांग आणि गांजा यांतला फरक पुराव्यावर पुन्हा तपासावा, जसा १८९३ मध्ये तपासला होता. आणि हेरॉइन, एमडीच्या व्यापाऱ्यावरची पकड अजिबात ढिली करू नये.

राहिल्या त्या चौदा गोळ्या. आत्याच्या तेराव्यानंतर एका रात्री मी त्या पाण्यात विरघळवून मोरीत ओतल्या, कोणी पाहत नाही ना हे बघून. ओतताना मला चोरी केल्यासारखे वाटत होते. दोन गल्ल्या पलीकडे एका घरात कर्करोगाचे एक आजोबा होते, त्यांचे कण्हणे रात्री रस्त्यावर ऐकू येई, हे मला तेव्हा ठाऊक होते.